बांबू आणि चिऱ्याची वर्गखोली: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

आमच्या शाळेच्या पहिल्या खोलीचे बांबू आम्ही एप्रिलात तोडले. देणगी मार्चअखेर हातात आली होती आणि जूनच्या आत छप्पर चढवायचं होतं. ऑगस्टमध्ये पोरांच्या वह्यांवर पिवळसर पीठ पडायला लागलं. सकाळी झाडायचं, दुपारी परत तेवढंच. भुंगेरे वाशांना आतून पोखरत होते. दिवाळीच्या सुट्टीत वासे उतरवले, मग नवे तोडले, भिजवले, सुकवले आणि पुन्हा चढवले. मजुरी दुप्पट गेली, बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मी इंजिनिअर नाही. कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचा दोन वेळा अध्यक्ष होतो, आणि त्या काळात चिरा (जांभा दगड), बांबू आणि कौलांच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. दुसरी खोली बांधताना जे आधीच माहीत होतं, ते पहिलीच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून हे लिहितोय. सगळं कोकणातल्या पावसाच्या हिशोबाने आहे. विदर्भात बांबूची जात आणि भिंतीचं साहित्य बदलेल, क्रम तोच राहील.

१. आधी कॅलेंडर भिंतीवर लावा

पैसा कधी येतो यावर बांधकाम ठरवू नका. बांबू कधी तोडायचा यावर ठरवा. आमचं दुसऱ्या खोलीचं वेळापत्रक असं होतं:

- १५ ऑगस्टची ग्रामसभा: ठराव
- सप्टेंबर-ऑक्टोबर: नकाशा, अंदाजपत्रक, मंजुऱ्या
- नोव्हेंबर ते जानेवारी: बांबूतोड आणि भिजवणं
- जानेवारी-फेब्रुवारी: पाया आणि जोतं (बांबू तोवर सावलीत सुकतोय)
- मार्च-एप्रिल: भिंती, सांगाडा
- मे: कौलं

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, पण वळवाचा पाऊस त्याची वाट बघत नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात छप्पर पूर्ण झालेलं असावं.

देणगी मार्चमध्येच आली तर? घ्या, पावती द्या, आणि देणगीदाराला स्पष्ट सांगा की यंदा जोतं होईल, खोली पुढच्या मेमध्ये. उद्घाटनाच्या फोटोसाठी घाई करणारे असतातच. आम्ही त्यांच्या घाईला बळी पडलो.

२. जुनी खोली कागदावर जिवंत असते

जिल्हा परिषदेच्या शाळेची मोडकळीस आलेली खोली गावकऱ्यांनी श्रमदानातून पाडली, असं बऱ्याच ठिकाणी होतं. आणि मग कळतं की तिचं निर्लेखन झालेलंच नव्हतं. सरकारी मालमत्ता रीतसर नोंदीतून काढल्याशिवाय पाडता येत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि बांधकाम उपविभागाकडे जातो. याला महिने लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा. जुन्या खोलीतले चिरे, कौलं, सागवानी चौकटी वापरायच्या असतील तर तेही त्याच वेळी लिहून मागा. पाडलेल्या साहित्याची किंमत धरली जाते, 'शाळेचंच तर आहे' एवढ्यावर भागत नाही.

लागणारे कागद:

- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव (शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक लागतात, ठरावावर त्यांच्या सह्या दिसू द्या)
- शाळा विकास आराखडा, त्यात नव्या खोलीची गरज नोंदवलेली
- ग्रामसभेच्या ठरावाची प्रत
- जागेचा सातबारा किंवा नमुना ८ चा उतारा. जागा कुणी दिलेली असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र
- निर्लेखनाचा आदेश
- नकाशा, अंदाजपत्रक, संरचना अभियंत्याचं सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र
- तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता
- देणगीतून काम असेल तर जिल्हा परिषद आणि देणगीदार यांच्यातला करार

बक्षीसपत्राबद्दल एक शब्द जास्त. 'आमच्या आजोबांनी जागा शाळेला दिली' हे सगळ्या वाडीला माहीत असतं, आणि सातबाऱ्यावर मात्र मुंबईतल्या सात चुलत भावांची नावं असतात. बांबू तोडण्याआधी त्या सातांना गणपतीला गाठा. तेव्हा सगळे गावात असतात.

३. इंजिनिअरला पटवण्याची तयारी करून जा

'बांबूची शाळा' म्हटलं की समोरचा म्हणतो, 'म्हणजे कच्चं बांधकाम.' आमच्या वेळीही पहिलं वाक्य हेच होतं. इथे वाद घालू नका, क्रमांक सांगा. बांबूच्या संरचनेसाठी भारतीय मानक आहे: आयएस १५९१२. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये भाग ६ चा विभाग ३ब बांबूवरच आहे. दोन्हींच्या छापील प्रती फाइलला लावल्या तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा खुर्ची दाखवली.

शेजारचं उदाहरणही दाखवायला बरं पडतं. बांगलादेशात दिनाजपूर जिल्ह्यातल्या रुद्रपूर गावी वास्तुविशारद ॲना हेरिंगर यांनी गावकऱ्यांच्या हातांनी शाळा उभारली. तळमजला मातीच्या जाड भिंतींचा, वरचा मजला बांबूचा. तिला २००७ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिथेही पाऊस काही कमी नाही. मात्र ती शाळा कॉपी करू नका. आपल्याकडे चिरा हाताशी आहे, दुमजलीची गरज नाही.

इथला मोठा सापळा दरसूचीचा. बांधकाम विभागाच्या दरसूचीत चिऱ्याचा, काँक्रीटचा, कौलाचा दर सापडतो. प्रक्रिया केलेल्या बांबूच्या कैचीचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा) सहज सापडत नाही. दर नसला की अंदाजपत्रक अडतं. तिथे दरविश्लेषण जोडावं लागतं: बांबू, वाहतूक, रसायन, मजुरी वेगवेगळी दाखवून, तीन दरपत्रकांसह. हे काम कारागिराला बरोबर बसवून करा, कारण एका कैचीला किती दिवस लागतात हे फक्त त्यालाच माहीत असतं.

कारागीर आणि सल्ला शोधायचा तर कुडाळात कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, मेळघाटात लवादा इथे संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. एक दिवस जाऊन कामाला हात लावून या. व्हिडिओ बघून बांबूची खोबण जमत नाही.

४. कुठला बांबू, कुठून, कधी

आपल्याकडे घरच्या बांबूच्या बेटात मानगा असतो. काटे नाहीत, सरळ वाढतो आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. वासे, रिपा, कैच्या यासाठी याच्यासारखा दुसरा नाही. खांबाला जाडी हवी तर कळक, ज्याला विदर्भात कटांग म्हणतात. तो काटेरी आणि पोकळ, पण भिंत जाड. विदर्भवाल्यांना मानवेल मिळेल.

परवानगीचं काय? २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे खासगी जमिनीतल्या बांबूची तोड आणि वाहतूक सोपी झाली. तरी गाडीत मालकाचा सातबारा आणि विक्रीची पावती ठेवाच. रस्त्यात अडवणाऱ्याला दुरुस्ती माहीत असेलच असं नाही. वनजमिनीतल्या बांबूला हे लागू नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांची गोष्ट वेगळी: गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने २०११ मध्ये ग्रामसभेच्या वाहतूक परवान्यावर स्वतःचा बांबू विकला. तुमच्या शेजारी असं गाव असेल तर तिथूनच घ्या.

तोडताना तीन गोष्टी पाहा.

वय तीन ते पाच वर्षांचं हवं. कोवळी काठी हिरवीगार, गुळगुळीत, बुडाशी कवच चिकटलेली. पक्क्या काठीवर पांढुरके-करडे डाग असतात आणि कोयत्याची पाठ मारली की खणखणीत वाजते. कोवळी काठी सुकताना सुरकुतते आणि चिरते. बेट घरचंच असेल तर दर वर्षी नव्या काठ्यांवर ऑइलपेंटने वर्षाचा आकडा टाका. आम्ही आता टाकतो.

बेटाच्या कडेची काठी तोडायला सोपी, पण नवी वाढ कडेलाच असते आणि पक्के बांबू मधे अडकलेले असतात. मजुराला काठीमागे पैसे देत असाल तर तो कडेचेच तोडणार. बेटाच्या एका बाजूने वाट काढून मधे शिरायला सांगा आणि स्वतः उभे राहा. तोड जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या बरोब्बर वर घ्यायची. वर पेला राहिला की त्यात पाणी साचून बेट कुजतं.

आणि महिना. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारी. उन्हाळ्यात काठीत पिठूळ साखर भरलेली असते, भुंगेऱ्याला तीच हवी असते. जुनी माणसं अमावास्येच्या आसपास तोडायला सांगतात. आम्ही दोन्ही पाळलं, त्यामुळे अमावास्येने किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही. महिन्याने पडतो, हे अंगावर काढलंय. हिशोबापेक्षा पंधरा टक्के काठ्या जास्त तोडा. वाकड्या आणि चिरलेल्या निघतातच.

५. भिजवणं: इथे कंजुषी केली की सगळं गेलं

पूर्वी बांबू वहाळात दगडाखाली दोन-तीन महिने दाबून ठेवत, किंवा चुलीवरच्या माळ्यावर धुरात. घराच्या गोठ्याला ते चाललं. वर्गखोलीला खात्री हवी, म्हणून टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड. मुलांचा वावर असतो तिथे तांबे-क्रोमवाली रसायनं मी टाळेन.

साधनं: १६ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल खड्डा, जाड ताडपत्री दुहेरी, पाणी तापवायला पिंप, गाठी फोडायला लांब टोकदार सळई, वजनाचा काटा, रबरी हातमोजे.

प्रमाण: २००० लिटर पाण्याला ६० किलो टाकणखार आणि ४० किलो बोरिक ॲसिड, म्हणजे पाच टक्के द्रावण. आधी पिंपभर गरम पाण्यात विरघळवा, मग खड्ड्यात ओता. थंड पाण्यात टाकलं तर तळाशी खडे बसतात आणि तुम्हाला वाटतं काम झालं.

कळकाच्या आतल्या गाठी सळईने आरपार फोडा, नाहीतर आत हवा राहते आणि द्रावण शिरत नाही. मानगा भरीव, त्यात सळई जात नाही. तो तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत, ओला असतानाच खड्ड्यात गेला पाहिजे. ओल्या काठीत रसायन पसरत जातं, सुकलेल्या काठीत पसरत नाही. आम्ही कळक दहा दिवस ठेवला, मानगा तीन आठवडे. बांबू तरंगतो, वर चिरे ठेवून दाबा.

द्रावण आतपर्यंत पोचलं का, हे बघता येतं. काठी मधून कापून तोंडावर स्पिरिटमधला हळदीचा अर्क लावायचा आणि त्यावर आम्लाचा द्राव. बोरॉन (टाकणखार आणि बोरिक ॲसिड दोन्हींतलं मूलद्रव्य) पोचलंय तिथे रंग लाल होतो, नाही तिथे पिवळाच राहतो. हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांनी हे मुलांसमोर करून दाखवलं. आमच्या पहिल्या खेपेच्या मानग्याचा गाभा पिवळाच निघाला, म्हणून दहा दिवसांचे तीन आठवडे झाले.

मग सावलीत, उभे, जमिनीपासून वर, निदान महिनाभर सुकवा. उन्हात टाकले तर फाटतात. उरलेलं द्रावण बागेत किंवा वहाळात सोडू नका, जास्त बोरॉनने माड-पोफळीचंही नुकसान होतं. पुढच्या खेपेला वापरा किंवा शेजारच्या गावाला द्या. आणि एक गोष्ट विसरू नका: हे रसायन पावसात धुऊन जातं. भिजवलेला बांबूही उघड्या पावसात टिकणार नाही. पुढच्या तिन्ही पायऱ्या या एकाच कारणासाठी आहेत.

६. जोतं आणि चिरा

जोतं दोन फूट घ्या. पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून जे शिंतोडे उडतात, ते दीड फुटापर्यंत सहज पोचतात. बांबूचा खांब जमिनीत गाडायचा नाही, कधीच नाही. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच शिरतात. काँक्रीटचा किंवा चिऱ्याचा ठोकळा, त्यात सळई उभी, आणि ती सळई खांबाच्या तळच्या पेरात घालून ते पेर सिमेंट-वाळूने भरायचं.

जोतं उंच घेतलं की एक हिशोब मागे लागतो. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा लागतो. दोन फूट जोत्याला चोवीस फूट उतार! शाळेत अडथळाविरहित प्रवेश कायद्यानेच सांगितलाय. आम्ही शेवटी आठवण झाल्यावर आठ फुटांत बसवला. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायची. दुसऱ्या वेळी नकाशातच उतार भिंतीच्या कडेने वळवून घेतला.

चिरा खाणीतून काढल्या काढल्या मऊ असतो, हवेत कडक होत जातो. शक्य तर आधीच्या वर्षी आणून ठेवा. पांढरट मातीचे पट्टे असलेला, पाण्यात ठेवल्यावर विरघळणारा चिरा परत पाठवा. बाहेरून गिलावा करू नका, नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधल्या सांधी) भरा. चिरा श्वास घेतो आणि पैसेही वाचतात. खिडकीच्या पातळीपर्यंत चिरा आणि त्यावर कुडाची भिंत असा मेळ आम्ही पडवीकडच्या बाजूला केला. कारवीऐवजी बांबूच्या कामट्या विणून दोन्हीकडून मातीचा लेप आणि वर चुना. पश्चिमेला मात्र पूर्ण चिराच. नैऋत्येकडून येणारा पाऊस कुडाला दया दाखवत नाही.

७. सांगाडा

'बांबूक खिळो मारलात तर तो फाटतलोच,' आमच्या कारागीर काकांचं हे पहिल्या दिवसाचं वाक्य. बांबू उभ्या धाग्यांनी बनलेला, खेचलं तर प्रचंड ताकद, पण धाग्याच्या बाजूने पाचर गेली की सरळ दुभंगतो. म्हणून ड्रिलने भोक, बोल्ट, मोठे वॉशर. बोल्ट पोकळ पेरातून जात असेल तर ते पेर आधी सिमेंटने भरा. टोक असं कापा की शेवटची गाठ टोकापासून दोन-तीन इंचांतच राहील. आडव्या काठीवर उभी काठी बसवताना तिच्या तोंडाला अर्धगोल खोबण हवी. सपाट कापून नुसती टेकवली तर एका रेषेवर भार येतो.

मानगा बारीक, म्हणून कैचीत तीन-तीनच्या जुड्या बांधल्या. नुसत्या काथ्यावर विसंबू नका, पहिल्याच उन्हाळ्यात तो ढिला होतो. तिरके टेके इंजिनिअर सांगतील तितके घालाच. फोटोत ते आडवे येतात म्हणून काढायला सांगणारे आर्किटेक्टही भेटतात.

८. छप्पर

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते. दोन्ही वेळा छपरं खाली कोसळण्यापेक्षा वर उडाली. म्हणून चिऱ्याच्या भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा, त्यात आधीच घातलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि प्रत्येक कैची त्या पट्टीला बोल्टने बांधलेली.

उतार ३० अंशांच्या खाली नको. वळचण निदान तीन फूट बाहेर, पश्चिमेला आणि दक्षिणेला पडवीच काढा. मुलांना डबा खायला जागा होते आणि भिंत कोरडी राहते.

कौल की पत्रा? पत्र्याखाली जुलैत शिकवून बघा. बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. मंगलोरी कौल शांत आणि थंड, पण माकडं. हल्ली पत्र्यावर कौलं घालतात, आम्हीही तेच केलं: माकडाने कौल फोडलं तरी गळत नाही. वजन मात्र दोन्हींचं येतं, आणि भिजलेलं कौल आणखी जड. इंजिनिअरला हे नकाशाच्या वेळीच सांगा, नंतर नाही.

चिऱ्याची खोली काळोखी होते. आतून चुन्याची सफेदी, खिडक्या उत्तर-दक्षिणेला, आणि नुसत्या कौलांचं छप्पर असेल तर प्रत्येक पाखेला दोन काचेची कौलं.

९. आग

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. त्यावरूनच सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या सुरक्षिततेचे आदेश दिले. चिचपल्लीची बांबूची मोठी इमारतही फेब्रुवारी २०२२ मध्ये आगीत सापडली. त्यामुळे: गवत किंवा झापांचं छप्पर नको, कितीही देखणं दिसलं तरी. पोषण आहाराची चूल वेगळ्या, चिऱ्याच्या खोलीत. वर्गाला दोन दारं, दोन्ही बाहेर उघडणारी. वायर पाइपमधूनच, बांबूच्या पोकळीतून ओढायची नाही. अग्निशामक नळकांडं दाराशी, आणि ते कसं वापरायचं हे बाईंना आणि मदतनीस ताईंना करून दाखवलेलं.

१०. पहिला पाऊस आणि त्यानंतर

पहिल्या मोठ्या पावसात बॅटरी घेऊन खोलीत जाऊन बसा. कुठे थेंब पडतोय तिथे खडूने फरशीवर खूण करा, पाऊस थांबल्यावर खूण पुसलेली असते म्हणून वहीतही मांडा. मग दर वर्षी दोन फेऱ्या: मेमध्ये कौलं आणि पन्हळी, दिवाळीनंतर बोल्ट आवळणं आणि खांबांचे पाय. वाशाखाली पीठ दिसलं तर झाडून टाकून मोकळे होऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत पडलं का ते पाहा. पडलं तर किडा जिवंत आहे; ती एक काठी बदलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्यासाठी भिजवलेल्या दहा-बारा काठ्या पडवीच्या माळ्यावर ठेवून द्या. आमच्या ठेवलेल्यांपैकी दोन गेल्या वर्षी लागल्या, तीन पोरांनी क्रिकेटच्या स्टंपांसाठी पळवल्या.